तापलेल्या गच्चीतून वीज किती?

खारकोपरहून उरणची लोकल धरली की अर्ध्या तासाच्या आत आपण अशा जागी पोहोचतो, जिथे वाया जाणाऱ्या उष्णतेची वीज होते. उरणजवळ बोकडविऱ्याला महानिर्मितीचे वायू विद्युत केंद्र आहे. त्याची स्थापित क्षमता ६७२ मेगावॉट. त्यातले ४३२ मेगावॉट प्रत्येकी १०८ मेगावॉटच्या चार वायू टर्बाइनचे. उरलेले २४० मेगावॉट देणाऱ्या दोन संचांसाठी मात्र वेगळे इंधन जाळावे लागत नाही. वायू टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. तो धुराड्यातून थेट आकाशात न सोडता बॉयलरमधून फिरवतात, त्यावर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर प्रत्येकी १२० मेगावॉटची दोन टर्बाइन चालतात. केंद्राला वायू पुरेसा मिळाला, तर एकूण विजेतला तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाटा या टाकाऊ उष्णतेचा असतो.

आता नजर पुन्हा खारकोपरकडे, म्हणजे उलव्याकडे वळवू. सिडकोच्या या नोडमध्ये इमारती दाटीने उभ्या आहेत. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीच्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेववत नाही. टाकीतले पाणी न तापवताच गरम येते. एसीचे बाहेरचे युनिट गरम हवा फेकत असते, पाणी चढवणाऱ्या पंपाची मोटर हाताला चटका देते. ही सगळी उष्णता कुणी मागितलेली नाही आणि कुणी वापरतही नाही. उरणला जे मोठ्या प्रमाणावर होते, ते इथे लहान प्रमाणावर होईल का?

होते. बाजारात सहज मिळणारा एक चौकोनी तुकडा आणि पाच-सात सुट्या भागांचे सर्किट त्यासाठी पुरते. मात्र ही वीज किती आणि ती कशाला उपयोगी, हे आधी हिशोबाने समजून घ्यायला हवे. तो हिशोब नीट मांडला की या तंत्राचे खरे मोल कळते.

उष्णता नव्हे, फरक

मुळशीच्या धरणात पाणी भरपूर आहे, पण वीज होते ती सह्याद्रीच्या पायथ्याशी, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला. कारण तिथे ते पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. पाणी कितीही असले तरी उतार नसेल तर वीज नाही. उष्णतेलाही हाच न्याय लागू आहे. वस्तू किती गरम आहे यापेक्षा तिच्याशेजारी तिच्याहून किती थंड वस्तू आहे, हे महत्त्वाचे.

फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये याची मर्यादाच आखून दिली. तापमान निरपेक्ष मापात, म्हणजे केल्विनमध्ये घ्यायचे. दोन टोकांच्या तापमानांतल्या फरकाला गरम टोकाच्या तापमानाने भागायचे. जे उत्तर येईल त्याहून जास्त हिस्सा कोणत्याही यंत्राला कामात बदलता येत नाही. उरणच्या ५०० अंशांच्या धुराला ३३ अंशांची हवा मिळाली, तर ही मर्यादा ६० टक्के येते. गच्चीवर ५३ अंशांचा पृष्ठभाग आणि ३३ अंशांची हवा असेल, तर ती ६ टक्के येते. प्रत्यक्ष यंत्र याच्या बरेच खाली राहते. इतक्या कमी फरकावर, इतक्या लहान जागेत वाफ आणि टर्बाइनचा खटाटोप परवडणार नाही. इथे हलणारा एकही भाग नसलेले साधन हवे, आणि त्याचे तत्त्व दोनशे वर्षांपूर्वीच सापडलेले आहे.

दोन पदार्थ, दोन सांधे

१८२१ मध्ये बर्लिनमध्ये थॉमस योहान सीबेक यांनी दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक वेटोळे केले. एक सांधा तापवला, तेव्हा शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. उष्णतेमुळे चुंबकत्व निर्माण झाले, असे सीबेक यांना वाटले. वेटोळ्यात विजेचा प्रवाह वाहतो आहे आणि सुई त्यामुळे हलते, हे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी ओळखले. १८३४ मध्ये फ्रान्समध्ये झां पेल्टिये यांना याची उलट बाजू दिसली: अशा सांध्यातून प्रवाह सोडला की एक सांधा थंड होतो आणि दुसरा तापतो.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. पदार्थाचे एक टोक तापले की तिथल्या मोकळ्या विद्युतभारांची धावपळ वाढते आणि ते थंड टोकाकडे पसरतात. थंड टोकाशी भार साचतो आणि दोन टोकांत व्होल्टेज तयार होते. धातूंमध्ये ते फारच थोडे असते. तांबे आणि कॉन्स्टंटन या जोडीत एका अंशाच्या फरकाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. तापमान मोजायला ते पुरतात, म्हणून थर्मोकपल कारखान्यांत सर्वत्र दिसतात. वीज मिळवायला मात्र अपुरे आहेत.

चित्र बदलले ते अर्धवाहकांमुळे. त्यासाठी असा पदार्थ हवा, जो वीज सहज वाहू देईल पण उष्णता अडवेल. निसर्गात हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहीत. वीज चांगली वाहणारे तांबे उष्णताही तितकीच चांगली वाहते. बिस्मथ टेल्युराइड या संयुगात मात्र बरी तडजोड सापडली. १९५० च्या दशकात त्याचा वापर रुळला आणि साध्या तापमानांना आजही तोच पदार्थ सर्वाधिक वापरला जातो. त्याच्या एका जोडीतून अंशाला सुमारे ४०० मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणजे धातूंच्या जोडीच्या दहापट.

ज्या काळी खेड्यांत वीज नव्हती, त्या काळी सोव्हिएत संघात रॉकेलच्या दिव्यावर बसवायची अशी जनित्रे निघाली होती. दिव्याचा उजेड घरात पडे आणि त्याच्याच उष्णतेवर रेडिओ वाजे. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांत प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारी अशीच जनित्रे आहेत. निघताना प्रत्येक यानात सुमारे ४७० वॉट वीज होती. आता ती बरीच घटली असली, तरी यानांचा पृथ्वीशी संपर्क अजून टिकून आहे. सूर्यापासून इतक्या दूर सौर पॅनेल निरुपयोगी असते आणि दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही. अशा जागी, एकही भाग न हलवता अनेक दशके चालणे हाच या साधनाचा सर्वांत मोठा गुण ठरतो.

चार सेंटिमीटरचा चौकोन

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘पेल्टियर मॉड्यूल’ मागितले की बहुधा टीईसी१-१२७०६ हा नमुना पुढे येतो. चार सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद, पातळ पांढऱ्या सिरॅमिकचा चौकोन आणि त्यातून निघालेल्या लाल-काळ्या दोन वायरी. किंमत काहीशे रुपये. गाडीतल्या छोट्या फ्रिजमध्ये आणि थंड पाण्याच्या लहान डिस्पेन्सरमध्ये तो थंडावा करण्यासाठी असतो. आपण तो उलटा वापरायचा: वीज देऊन थंडावा घेण्याऐवजी दोन बाजूंच्या तापमानांत फरक राखून वीज घ्यायची.

नावातल्या १२७ चा अर्थ आत १२७ जोड्या आहेत, आणि ०६ म्हणजे जास्तीत जास्त सहा अँपिअर. या जोड्या विजेच्या दृष्टीने एकापुढे एक आणि उष्णतेच्या दृष्टीने शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. म्हणून त्यांची व्होल्टेज बेरजेत येतात. १२७ गुणिले ०.४ मिलिव्होल्ट, म्हणजे दोन बाजूंत एक अंशाचा फरक असला की सुमारे ५० मिलिव्होल्ट. मॉड्यूलचा स्वतःचा विद्युतरोध दोन ओहमच्या आसपास असतो. जोडलेल्या सर्किटचा रोधही तितकाच असला की सर्वाधिक शक्ती मिळते. ती काढायला व्होल्टेजचा वर्ग करून त्याला चौपट रोधाने, म्हणजे आठने भागायचे.

आता गच्चीवर जाऊ. मॉड्यूल नुसते स्लॅबवर ठेवले तर निराशा होते. काँक्रीटमधून उष्णता हळू वाहते, त्यामुळे मॉड्यूलखालचा तेवढा तुकडा लवकर थंड पडतो. म्हणून खाली साधारण एक फूट लांबी-रुंदीचा, काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा हवा. तो उन्हात तापतो आणि सगळीकडची उष्णता मॉड्यूलकडे आणतो. वर थर्मल पेस्ट लावून पात्यांचा हीटसिंक बसवायचा आणि हीटसिंकवर सावली धरायची. पत्रा ५३ अंश, हवा ३३ अंश, म्हणजे हातात २० अंश आहेत असे वाटते.

खरा पेच इथेच आहे. हे २० अंश मॉड्यूल आणि हीटसिंक या दोघांत वाटले जातात, आणि ज्याचा उष्णतारोध मोठा त्याच्या वाट्याला मोठा हिस्सा जातो. या मॉड्यूलचा उष्णतारोध वॉटमागे सुमारे २ अंश आहे. वारा नसताना लहान हीटसिंकचा ८ अंश धरला, तर २० पैकी १६ अंश हीटसिंक आणि हवा यांच्यात संपतात. मॉड्यूलला मिळतात फक्त ४. त्यातून ०.२ व्होल्ट आणि ५ मिलिवॉट.

दुपारी खाडीकडून वारा सुटला आणि हीटसिंकचा रोध ३ वर आला, तर मॉड्यूलला ८ अंश मिळतात आणि शक्ती २० मिलिवॉट होते. हीटसिंकऐवजी तळाच्या टाकीतल्या गार पाण्याची नळी धातूच्या ठोकळ्यातून फिरवली आणि रोध अर्ध्या अंशावर आणला, तर १६ अंश आणि ८० मिलिवॉट. ऊन तेच, पत्रा तोच, मॉड्यूल तेच. तरी वीज सोळापट. कारण शक्ती फरकाच्या वर्गात वाढते: फरक दुप्पट केला की वीज चौपट. या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे बरेच कष्ट तापवण्याच्या बाजूवर नाही, तर थंड करण्याच्या बाजूवर खर्च होतात, ते यामुळेच.

याच मापाच्या, १६ चौरस सेंटिमीटरच्या सौर घटावर भर दुपारचे ऊन पडले, तर त्यातून सुमारे ३०० मिलिवॉट मिळतात. म्हणून जिथे ऊन आहे तिथे सौर पॅनेलच लावावे. गच्चीतल्या उष्णतेवर सोसायटीचे जिन्यातले दिवे लागतील, असे कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे हिशोब मागावा.

शंभर मिलिव्होल्टचे सर्किट

पाच मिलिवॉट वापरण्यात आणखी एक अडचण आहे. ते ०.२ व्होल्टवर मिळतात, आणि सर्किट जोडून पूर्ण शक्ती घेऊ लागलो की व्होल्टेज निम्मे होऊन ०.१ वर येते. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट हवे असतात आणि बहुतेक सेन्सरनाही दोन ते तीन. तेव्हा व्होल्टेज चढवणे आले.

यासाठी हौशी मंडळींत सर्वांत लोकप्रिय सर्किट आहे ‘ज्यूल थीफ’. एक फेराइट रिंग, तिच्यावर एकत्र गुंडाळलेल्या दोन वायरींचे वीसेक वेढे, एक एनपीएन ट्रान्झिस्टर, एक किलो-ओहमचा रोध आणि एक एलईडी. पहिल्या वायरीतून प्रवाह वाढू लागला की दुसरी वायर ट्रान्झिस्टरच्या बेसला आणखी चालना देते, प्रवाह आणखी वाढतो. एका मर्यादेला ही वाढ थांबते, चालना जाते आणि ट्रान्झिस्टर झटकन बंद होतो. रिंगमध्ये साठलेले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्या क्षणी व्होल्टेजची उसळी येते. ती एलईडीमधून जाते. हे चक्र सेकंदाला हजारो वेळा चालते, म्हणून डोळ्याला दिवा सलग पेटलेला दिसतो. निकामी म्हणून फेकलेल्या दीड व्होल्टच्या सेलवरही हे सर्किट एलईडी पेटवते.

पण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुरू व्हायला बेसला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. पाण्याने थंड केलेले मॉड्यूल ते देऊ शकते. दोन मॉड्यूल एकापुढे एक जोडली तर आणखी सोपे. हवेवर थंड होणाऱ्या एकट्या मॉड्यूलला मात्र ते जमत नाही. तिथे वेगळा ट्रान्झिस्टर घ्यावा लागतो: जेफेट किंवा त्याच स्वभावाचा डिप्लीशन मॉसफेट. साधा ट्रान्झिस्टर मुळात बंद असतो आणि त्याला उघडावे लागते. हा मुळात उघडा असतो आणि त्याला बंद करावे लागते. त्यामुळे व्होल्टेज कितीही कमी असले तरी प्रवाह सुरू होतोच. त्याला एकास शंभर वेढ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर जोडला की २० मिलिव्होल्टचे २ व्होल्ट होतात, ते गेटला परत दिले जातात आणि आंदोलने आपोआप सुरू होतात. एलटीसी३१०८ ही तयार चिप याच तत्त्वावर चालते आणि २० मिलिव्होल्टला जागी होते.

आपल्या ५ मिलिवॉटपैकी सर्किटमधून पार होऊन ४० टक्के उरले असे धरू, म्हणजे २ मिलिवॉट. ते एक फॅरडच्या सुपरकपॅसिटरमध्ये साठवायचे. ३ पासून ५ व्होल्टपर्यंत तो भरायला ८ ज्यूल लागतात. तासाभराहून थोडा अधिक वेळ. एखाद्या लहान सेन्सरला तापमान मोजून रेडिओवरून एक संदेश पाठवायला ५० मिलिज्यूल लागतात असे धरले, तर ८ ज्यूलमध्ये १६० संदेश जातात. दर दहा मिनिटांना एक या हिशोबाने एका दुपारच्या तासाची कमाई साधारण दिवसभर पुरते. गळती धरून थोडे कमी म्हणा. गच्चीच्या उष्णतेवर पंखा चालणार नाही, पण सेन्सर चालेल, आणि त्याचा सेल कुणाला बदलावा लागणार नाही.

रात्र, पावसाळा आणि गरम कुंडे

सूर्य मावळल्यावर स्लॅब काही तास हवेपेक्षा तीन-चार अंश गरम राहतो. त्यातला पाचवा हिस्साच मॉड्यूलला मिळतो, म्हणून सर्किट बहुधा झोपते. निरभ्र आकाशाखाली पहाटे उलटेच घडू शकते: पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकून हवेपेक्षा थंड होतो आणि वायरींवरचे अधिक-उणे बदलते. २०१९ मध्ये आश्वत रामन, वेइ ली आणि शानहुइ फान यांनी हाच परिणाम वापरून रात्री एलईडी पेटवून दाखवला. वीस सेंटिमीटरची काळी तबकडी, एक मॉड्यूल आणि व्होल्टेज चढवणारे सर्किट एवढीच सामग्री होती. शक्ती चौरस मीटरला २५ मिलिवॉट. उलव्याची हवा दमट आहे आणि बाष्प ही उष्णता अडवते, त्यामुळे इथे त्याहून कमीच अपेक्षा ठेवावी. पावसाळ्यात तर स्लॅब आणि हवा जवळजवळ एकाच तापमानाला येतात आणि गच्चीवरची कमाई थांबते.

म्हणून उन्हावर अवलंबून नसलेली उष्णता अधिक मोलाची. कोकण या बाबतीत भाग्यवान आहे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीपासून रायगडात पालीजवळच्या उन्हेऱ्यापर्यंत आणि पुढे रत्नागिरीतल्या उन्हवरे, तुरळ, राजवाडीपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची माळ आहे. भूवैज्ञानिकांनी या पट्टीत अठराएक ठिकाणे नोंदवली आहेत. अकलोलीला कुंडे तानसा नदीच्या काठावरच आहेत. कुंडाचे पाणी ५० अंश आणि नदीचे २७ अंश धरले, तर २३ अंशांचा फरक मिळतो. दोन्ही बाजूंना पाणी असल्याने त्यातला बहुतेक मॉड्यूललाच मिळतो. एका चौकोनातून सुमारे १०० मिलिवॉट, दहांतून एक वॉट, दिवसरात्र, श्रावणातसुद्धा. तेवढ्यावर झऱ्याचे तापमान आणि पाण्याची पातळी वर्षभर नोंदवणारे उपकरण आरामात चालेल. भूगर्भाच्या अभ्यासाला अशा सलग नोंदी फार मोलाच्या असतात. ही कुंडे लोकांच्या श्रद्धेची आणि रोजच्या स्नानाची जागा आहे. तिथे बांधकामाला हात न लावता, कडेने बसेल एवढेच साधन असावे.

मिलिवॉट खर्चून किलोवॉट वाचवणे

या तंत्राची खरी जागा कारखान्यात आहे, आणि तीही उलव्याच्याच पनवेल तालुक्यात. तळोजा औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि अशा कारखान्यांत वाफेच्या नळ्यांचे जाळे असते. नळीत साठलेले पाणी बाहेर काढून वाफ मात्र अडवणारा एक झडपवजा भाग असतो, त्याला स्टीम ट्रॅप म्हणतात. तो उघडा राहून अडकला की वाफ वाया जाते, आणि बाहेरून कुणाला कळत नाही. ७ बार दाबाची वाफ ३ मिलिमीटरच्या छिद्रातून निसटली, तर गणिताने ती तासाला सुमारे ३० किलो होते. म्हणजे १७ किलोवॉट उष्णता, चोवीस तास. अशा प्रत्येक ट्रॅपपर्यंत वायर नेणे महाग आणि दर वर्षी सेल बदलणे त्रासाचे. पण ट्रॅपजवळची नळी तर स्वतःच तापलेली असते. तिच्यावर मॉड्यूल, हीटसिंक आणि २ मिलिवॉटवर चालणारा सेन्सर बसवला, तर गळती सुरू झाल्याचा निरोप तीच नळी स्वतःच्या उष्णतेवर पाठवते. हे दोन मिलिवॉट लाखो पटींनी मोठी नासाडी थांबवतात. फक्त एक काळजी घ्यायची: थंडाव्यासाठी बनवलेल्या साध्या मॉड्यूलमधले डाख १३८ अंशांच्या आसपास वितळतात आणि ७ बारच्या वाफेचे तापमान १७० अंश असते. तिथे वीजनिर्मितीसाठी बनवलेले, जास्त तापमान सोसणारे मॉड्यूलच वापरावे.

उलव्यातल्या इमारतींनाही हेच लागू होते. पंपाच्या मोटरचे कवच ६० अंशांवर गेले तर साध्या हीटसिंकवरही सुमारे १० मिलिवॉट मिळतात. मोटर चालू असतानाच सेन्सर जागा राहतो, म्हणून पंप रोज किती वेळ चालला हे आपोआप नोंदले जाते. बेअरिंग खराब होऊ लागले की तापमान चढते आणि मोटर जळण्याआधी सूचना मिळते. सोसायटीला हजारो रुपयांचा खर्च आणि दोन दिवसांची पाणीबाणी टाळता येते.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा आयटीआयमध्ये हा प्रयोग करणाऱ्यांना एकच आग्रह: सुरुवात सर्किटपासून नव्हे, तापमापकापासून करा. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंना एकेक तापमापक लावा, दर तासाला फरक लिहा, शक्य तर मे आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांत. मल्टिमीटरवर व्होल्टेज पाहा, अंशाला ५० मिलिव्होल्ट येतात का ते ताडून घ्या. मग थंड बाजू सुधारा, आणि शेवटी सर्किट निवडा. एवढ्या सरावाने उष्णता, विद्युतरोध, चुंबकत्व आणि अर्धवाहक हे पुस्तकातले चार धडे एका चौकोनी तुकड्यात एकत्र समजतात. ज्यांना ते समजतील, त्यांतलीच कुणी मुले उद्या तळोज्याच्या कारखान्यात वाफेची गळती शोधतील.